टिंब हरवलं तर?

गणिताच्या पेपरात दशांश चिन्ह द्यायचं राहिलं तर फार तर दोन गुण जातात. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीतलं टिंब हरवलं तर? ०.५ मिलिग्रॅम लिहिण्याऐवजी घाईत नुसतं .५ लिहिलं, टिंब पुसट उमटलं आणि दुकानदारानं ५ वाचलं. औषध झालं दहापट! तान्ह्या बाळाच्या जिवावरच बेतायचं.

नावांचीही अशीच गफलत होते. अमेरिकेत आम्लपित्तावरचं 'लोसेक' आणि लघवी वाढवणारं 'लॅसिक्स' ही नावं इतकी सारखी वाटायची, की १९९० साली लोसेकचं नाव बदलून 'प्रायलोसेक' करावं लागलं. आपल्याकडे २०१६ साली मेडिकल कौन्सिलनं डॉक्टरांना सांगितलं, की औषधांची नावं सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहा.

यावर दुसरा उपाय म्हणजे संगणकावरची चिठ्ठी. आपल्या चोपडा तालुक्यात सातपुड्यातल्या पाड्यांवरून शहरातल्या दवाखान्यात यायचं म्हणजे दिवस मोडतो. अशा गावांसाठी २०१९ साली सरकारनं 'ई-संजीवनी' सेवा सुरू केली. गावच्या आरोग्य केंद्रातून पेशंट दूरच्या डॉक्टरांशी पडद्यावर बोलतो आणि चिठ्ठी मिळते ती टाइप केलेली. अक्षर लावत बसायला नको!

युरोपातल्या एस्टोनिया देशात तर २०१० पासून चिठ्ठी थेट मध्यवर्ती संगणकात जाते. पेशंट ओळखपत्र दाखवतो आणि दुकानदार आपल्या संगणकावर चिठ्ठी उघडतो. एकदा औषध दिलं की तशी नोंद होते.

असा निरोप आला की संगणक काय करतो? तुम्ही वहीत रकाने आखता ना, तसे त्याचेही रकाने असतात. पेशंटचं नाव, वय, औषध, ताकद, किती वेळा, किती दिवस. एखादा रकाना रिकामा असला की तो अडून बसतो. मग हिशेब. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. पाच दिवसांच्या झाल्या दहा गोळ्या. चांगलं सॉफ्टवेअर वयाच्या मानानं डोस जास्त वाटला, तर इशाराही देतं.

मग चूक होणारच नाही? तसं नाही बरं का! यादीतलं वरचं नाव निवडण्याऐवजी डॉक्टरांचं बोट खालच्या नावावर पडलं, तर संगणक तेच नाव स्वच्छ अक्षरांत पुढे पाठवेल. चुकीचं, पण सुवाच्य! म्हणून शिकलेला फार्मासिस्ट समोर हवाच. शंका आली की तो डॉक्टरांना फोन करतो. त्यात पाच मिनिटं गेली, तर पालकांनी चिडू नये. उलट मुलाचं वय, वजन आणि कोणतं औषध सोसत नाही, हे आपणहून सांगावं.

आता तुमचं काम. घरी औषध आलं की चिठ्ठीवरचं आणि पाकिटावरचं नाव मोठ्या माणसांसोबत ताडून पाहा. आणि सांगा पाहू, १-१-१ प्रमाणे सात दिवसांच्या गोळ्या किती?