एन्कोडिंगसाठी घरचा पीसी: आधी मोजा, मग पार्ट घ्या

प्राण्यांच्या वर्तनावर काम करायचं ठरवलेले विद्यार्थी हमखास विचारतात, "प्रयोगाचे व्हिडिओ खूप साठलेत. ते एन्कोड करायला घरी पीसी असेंबल करायचाय. कोणता प्रोसेसर घेऊ?" याचं थेट उत्तर मी देत नाही, कारण आधी तीन गोष्टी कळायला हव्यात. रोज किती तासांचं रेकॉर्डिंग येतं? ते किती वेळात आटपायला हवं? आणि व्हिडिओतला कोणता तपशील गमावून चालणार नाही? ही उत्तरं हातात असली की पार्टची यादी बरीचशी आपोआप ठरते. नसली की दुकानदार सांगेल तो पीसी घरी येतो आणि फेलोशिपचे दोन-तीन हप्ते त्यात जातात.

एन्कोडिंगमध्ये नेमकं काय होतं?

१९२० × १०८० पिक्सेलचा साधा व्हिडिओ घ्या. काहीही न दाबता साठवला तर नेहमीच्या ८ बिट रंगपद्धतीत एका फ्रेमला सुमारे ३.१ एमबी लागतात. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर ९३ एमबी, आणि तासाला जवळपास ३३६ जीबी! म्हणून कॅमेरा स्वतःच व्हिडिओ दाबून देतो. कॅमेऱ्याचा बिटरेट सेकंदाला २० मेगाबिट असेल तर तासाची फाइल ९ जीबीची होते. आपण घरी करतो ते यानंतरचं दाबणं.

एन्कोडर शेजारशेजारच्या फ्रेममधलं साम्य शोधतो, फक्त फरक लिहितो आणि माणसाच्या डोळ्याला सहसा जाणवणार नाही असा तपशील टाकून देतो. साम्य जितकं कसून शोधाल तितकी फाइल लहान होते, पण गणितही वाढतं. एच.२६४ हे मानक २००३ सालचं, एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ हे २०१३ चं, आणि एव्ही१ हे २०१८ चं. साधारणपणे नवं मानक तेवढ्याच दर्जाला लहान फाइल देतं आणि वेळ जास्त खातं.

आता "टाकून देतो" या शब्दांकडे नीट बघा. टाकलेला तपशील परत मिळत नाही. मी हे महागात शिकलो. मुंग्यांच्या वारुळाचे व्हिडिओ मी कमी बिटरेटवर झटपट दाबले. स्क्रीनवर छान दिसत होते, म्हणून डिस्क मोकळी करायला मूळ फाइल पुसून टाकल्या. नंतर ट्रॅकिंग सॉफ्टवेअर अंधाऱ्या कोपऱ्यातल्या दोन मुंग्यांची अदलाबदल करायला लागलं. कमी उजेडाच्या, कमी फरकाच्या भागातला बारीक तपशील एन्कोडरने सपाट करून टाकला होता. दोन आठवड्यांची निरीक्षणं बाद झाली. पीसी चांगला होता, पण काय जपायचं हे मी ठरवलंच नव्हतं.

प्रोसेसर की ग्राफिक्स कार्ड?

एन्कोडिंगचे दोन मार्ग आहेत. एक्स२६४, एक्स२६५, एसव्हीटी-एव्ही१ हे सॉफ्टवेअर एन्कोडर प्रोसेसरच्या कोअरवर चालतात. एनव्हिडियाचं एनव्हीईएनसी किंवा इंटेलचं क्विक सिंक हे हार्डवेअर एन्कोडर. चिपमध्ये या एकाच कामासाठी वेगळा भाग बसवलेला असतो. तो वेगवान असतो आणि वीज कमी घेतो. पण त्याचा शोध ठरावीक मर्यादेत चालतो. म्हणून तेवढ्याच फाइलच्या आकाराला, सावकाश प्रीसेटवर चालवलेला सॉफ्टवेअर एन्कोडर सहसा जास्त तपशील राखतो.

यावरून खरेदीचे दोन नियम निघतात. सॉफ्टवेअर एन्कोडर वापरणार असाल तर पैसा प्रोसेसरमध्ये घाला. महागडं ग्राफिक्स कार्ड इथे नुसतं बसून राहील. हार्डवेअर एन्कोडर वापरणार असाल तर कार्डाची पिढी बघा, गेमिंगमधला वेग नाही. एकाच पिढीतल्या स्वस्त आणि महाग कार्डांत एन्कोडर बहुतेक वेळा एकाच जातीचा असतो. आणखी एक खाचखळगा: इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी "एफ" असतं, त्यात अंगचे ग्राफिक्स चालू नसतात. म्हणजे क्विक सिंकही मिळत नाही आणि स्क्रीनला वेगळं कार्ड लागतं. थोडे पैसे वाचतात म्हणून तो घेण्याआधी विचार करा.

कोअर दुप्पट, वेग दुप्पट?

नाही. अ‍ॅमडालचा नियम (१९६७) इथे उपयोगी पडतो. कामाचा ९० टक्के भाग वाटून घेता येत असेल आणि १० टक्के एकामागून एकच करावा लागत असेल, तर ८ कोअरवर वेग सुमारे ४.७ पट होतो आणि १६ कोअरवर ६.४ पट. किंमत मात्र बरीच वाढलेली असते.

एचईव्हीसीचं उदाहरण घ्या. त्यात फ्रेमचे ६४ × ६४ पिक्सेलचे चौकोन पाडले तर १०८० पिक्सेल उंचीत १७ ओळी बसतात. या ओळी समांतर चालवता येतात, पण प्रत्येक ओळ वरच्या ओळीच्या थोडी मागे राहूनच पुढे सरकते. त्यामुळे एका फ्रेममध्ये भरपूर कोअरना सतत काम पुरत नाही.

आपल्याला यातून एक सोपी वाट आहे. आपल्याकडे एक लांब सिनेमा नसतो, पन्नास वेगळ्या फाइल असतात. दोन-तीन फाइल एकाच वेळी चालवा, मोकळे कोअर कामाला लागतात. फाइल थोड्या असतील तर मात्र १६ कोअरचे पैसे वाया जाण्याची शक्यता जास्त.

बाकीचे पार्ट

डिस्क: ९ जीबीची तासाची फाइल, म्हणजे सेकंदाला २.५ एमबी. दुप्पट वेगाने एन्कोड केली तरी वाचायला ५ एमबी. साधी हार्ड डिस्क सलग वाचताना १०० एमबीच्या वर सहज देते. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमसाठी छोटी एसएसडी आणि व्हिडिओसाठी दोन मोठ्या हार्ड डिस्क घ्या. दुसरी डिस्क बॅकअपची, तिच्यात काटकसर नको.

रॅम: १०८०पी साठी १६ जीबी पुरते. फोर-के असेल किंवा तीन-चार फाइल एकदम चालवायच्या असतील तर ३२. एकच मोठी स्टिक घेण्यापेक्षा दोन सारख्या घ्या.

कूलर, कॅबिनेट, एसएमपीएस: गेम खेळताना भार कमी-जास्त होतो, एन्कोडिंगमध्ये सगळे कोअर तासन्‌तास पूर्ण भारावर असतात. डब्यावर लिहिलेला बूस्ट वेग तेव्हा टिकत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात खोलीच तापलेली असते. प्रोसेसर गरम झाला की स्वतःचा वेग कमी करतो. त्यामुळे बरा एअर कूलर आणि हवा खेळती ठेवणारं कॅबिनेट यांवर खर्च करा, दिव्यांच्या पंख्यांवर नको. एसएमपीएस नाव नसलेला घेऊ नका. विजेचं म्हणाल तर १५० वॅट ओढणारा पीसी रात्री १० तास चालला की दीड युनिट होतं.

यूपीएस: तो काही मिनिटंच देतो, रात्र काढत नाही. म्हणून रेकॉर्डिंगचे अर्ध्या तासाचे तुकडे करा. वीज गेली तर एकच तुकडा पुन्हा करावा लागेल. एन्कोड होत असताना फाइल एमकेव्ही ठेवा. अर्धवट राहिलेली एमपी४ बहुधा उघडतच नाही.

खरेदीआधीची चाचणी

आता मुख्य काम. तुमच्या रेकॉर्डिंगमधला सगळ्यात अवघड भाग निवडा: कमी उजेड, गर्दी, वेगवान हालचाल. त्यातली दोन मिनिटं कापा. लॅबच्या किंवा मित्राच्या संगणकावर एफएफएमपेग घालून एक्स२६४ ने ती सीआरएफ १८, २०, २३ आणि २६ वर दाबा. आकडा जितका मोठा तितका तपशील कमी. ६ ने वाढवला की बिटरेट ढोबळमानाने निम्मा होतो. मग मूळ क्लिपवर आणि चारही क्लिपवर तुमचं विश्लेषण चालवा. ज्या आकड्यापर्यंत निष्कर्ष बदलत नाही, तो तुमचा. व्हीएमएएफसारख्या गुणांवर इथे विसंबू नका. ते माणसाला व्हिडिओ कसा दिसेल ते सांगतात, तुमच्या ट्रॅकिंग सॉफ्टवेअरला कसा दिसेल ते नाही.

त्याच वेळी एफएफएमपेग दाखवतं तो वेग लिहून घ्या. समजा तो ०.५ पट आला आणि रोजचं रेकॉर्डिंग ६ तासांचं आहे. म्हणजे १२ तास लागतील. तुम्हाला रात्रीच्या १० तासांत संपवायचंय, तर ०.६ पट हवा. याचा अर्थ हाताशी असलेल्या संगणकापेक्षा २० टक्के वेगवान पीसी पुरेल, चौपट नको. हे गणित कागदावर घेऊन दुकानात जा.

निवडलेला एन्कोडर, त्याची आवृत्ती, प्रीसेट आणि सीआरएफ त्याच दिवशी वहीत लिहा. शोधनिबंधाच्या पद्धती विभागात ते द्यावं लागेल, कारण दाबणं हीसुद्धा तुमच्या डेटावर केलेली प्रक्रियाच आहे. आणि मूळ फाइल? निदान विश्लेषण पूर्ण होऊन गाइडने बघेपर्यंत ती पुसू नका. प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा लागला तरी चालेल, पण त्या दुसऱ्या हार्ड डिस्कचे पैसे आधी बाजूला काढा.