रंग झाला, बोअर झाला, तरी गाडी ‘स्लो’वर का टिकत नाही?

जुनी बुलेट, येझदी, राजदूत किंवा आरएक्स १०० नव्याने उभी करून घेण्याची हौस आपल्या खानदेशातही आहे, आणि हे काम आमच्या कारागीर बांधवांच्या हातचे आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात येझदीचे उत्पादन १९९६ साली थांबले. आरएक्स १०० देखील त्याच वर्षी बंद झाली. म्हणजे या दोन्हींतली सर्वांत तरुण गाडीसुद्धा आज तिशीच्या घरात आहे.

गाडी चकाचक होऊन जाते आणि चार दिवसांनी गिऱ्हाईक परत येते. फाटकाशी थांबले की इंजिन बंद पडते! मिस्त्री स्क्रू फिरवून रेस वाढवून देतो. तक्रार तेवढ्यापुरती मिटते, दोष मात्र आतच राहतो. आमचे म्हणणे असे की, कार्बोरेटरच्या स्क्रूला हात सर्वांत शेवटी लावावा.

आधी ठिणगी पाहा. नव्या रंगाच्या गाडीत हमखास आढळणारा दोष म्हणजे अर्थिंग. चेसिसवर रंगाचा जाड थर बसतो आणि इंजिनचा, कॉइलचा अर्थ तुटतो. बोल्टाखालचा रंग खरवडून धातूला धातू लागू द्यावा. मग पॉइंट साफ करून फीलर गेजने फट ०.३५ ते ०.४ मि.मी. ठेवावी. पॉइंटवर मोठी निळी ठिणगी उडत असेल, तर कंडेन्सर बदलावा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा कमजोर कंडेन्सर गरम गाडीत आधी दगा देतो.

त्यानंतर हवेची गळती. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यातील जोडावर, गाडी स्लोवर चालू असताना, ऑइलकॅनने तेलाचे चार थेंब सोडा. इंजिनचा आवाज बदलला तर गळती तिथेच आहे. काहीजण यासाठी पेट्रोल मारतात. गरम इंजिनवर तो आगीशी खेळ आहे, कृपया करू नये.

टू-स्ट्रोक गाडीत क्रँकचे ऑइल सील विसरू नये. बोअर करताना वरचे काम होते, खालचे जुने सील तसेच राहते. मॅग्नेटोकडील सील हवा ओढू लागले की रेस सोडली तरी ती लवकर खाली येत नाही. क्लचकडील सील गेले तर गिअरचे तेल जळून पांढरा दाट धूर निघतो. पहिला प्रकार अधिक घातक होय. मिश्रण पातळ होते, इंजिन तापते, पिस्टन जाम होतो. गिऱ्हाइकाने नुकतेच बोअरला दिलेले पैसे पाण्यात जातात, आणि नाव कारागिराचे जाते. दुसऱ्याची गाडी आपल्याकडे अमानत असते.

बीड ब्लॉकच्या जुन्या बुलेटमध्ये टॅपेटही पाहावे. इंजिन थंड असताना पुश रॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये.

आता पेट्रोल. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी ओढते, जुने रबर फुगवते, आणि त्याच जेटवर मिश्रण थोडे पातळ करते. गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर पायलट जेटचे बारीक छिद्र चिकट गाळाने बुजते. ते हवेच्या दाबाने साफ करावे; तार घातल्यास छिद्र मोठे होते. टाकीच्या झाकणातील हवेचे भोक रंगाने बुजले आहे का, हेही पाहून घ्यावे.

इतके झाल्यावरच इंजिन पूर्ण गरम करून एअर स्क्रू घ्यावा. हलक्या हाताने पूर्ण आत, मग साधारण दीड आटा बाहेर. तिथून थोडे आत-बाहेर करून जिथे इंजिन सर्वांत जलद व सलग फिरेल तिथे थांबावे, आणि नंतर स्लाइडच्या स्क्रूने रेस उतरवावी. मिकार्बच्या या स्क्रूने हवा कमी-जास्त होते, म्हणून आत घेतला की मिश्रण घट्ट होते. इथेनॉलमुळे तो पूर्वीपेक्षा किंचित आत बसतो.

नवा बोअर सुरुवातीला आवळलेला असतो. पहिले काही शे किलोमीटर स्लो थोडा चढाच ठेवावा, आणि हे गिऱ्हाइकाला गाडी देतानाच सांगून पुन्हा सेटिंगला बोलवावे. त्या फेरीची मजुरी पहिल्याच बिलात लिहिलेली असली, तर दोघांनाही बोलणे सोपे जाते.