औषधी अळिंबी आणि दाहक संधिवात

औषधी अळिंबी म्हणजे आहारापेक्षा औषधी गुणांसाठी वापरल्या जाणाऱ्या बुरशींची फलकाये होत. गॅनोडर्मा (रेशी) आणि फेलिनस या त्यांतील प्रमुख प्रजाती आहेत. दाहक संधिवातावर, विशेषतः आमवातावर, त्यांचा उपयोग होईल का यावर संशोधन झाले आहे. मात्र मानवी चाचण्यांतून तो सिद्ध झालेला नाही.

रोगाचे स्वरूप
आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. सांधे सुजतात, सकाळी बराच वेळ आखडलेले राहतात आणि उपचार लांबल्यास कायमचे व्यंग येते. वयोमानाने होणाऱ्या सांध्यांच्या झिजेहून हा रोग वेगळा आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये सुरू झालेल्या सर्वेक्षणात त्याचे प्रमाण सुमारे ०.५ टक्के आढळले. मेथोट्रेक्सेट हे त्यावरील प्रमुख औषध आहे.

खानदेशातील अळिंबी
जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आहेत. पावसाळ्यात जंगलात, वारुळांवर व कुजक्या लाकडावर अनेक प्रकारच्या अळिंबी उगवतात. लागवडीत धिंगरी अळिंबी सोयीची ठरते. गव्हाचा भुसा, कपाशीच्या पऱ्हाट्या आणि केळीचे वाळलेले अवशेष यांवर ती वाढते व हा माल येथे मुबलक असतो. धिंगरी हे प्रथिनयुक्त अन्न आहे, आमवातावरील औषध नव्हे. कोकणात फणसाच्या झाडावरील फेलिनस वर्गीय बुरशीला ‘फणसोंबा’ म्हणतात. परंपरेने तिचा वापर मुख्यतः तोंड येण्यावर होतो, सांध्यांच्या विकारांवर नव्हे.

संशोधन
२००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फेलिनस लिंटियसमधील घटकाने उंदरांतील कृत्रिम संधिवात कमी झाला. हाँगकाँगमध्ये ६५ आमवातग्रस्तांवर २४ आठवड्यांची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत गॅनोडर्मा व एक चिनी वनौषधी मिश्रण एकत्र देण्यात आले होते. ठरावीक मापदंडानुसार औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे १५ टक्के व निर्धोक बनावट गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ९ टक्के रुग्ण सुधारले. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता. औषध घेणाऱ्या गटात वेदना काहीशा कमी झाल्या, परंतु दाह शमल्याचे दिसले नाही. मिश्रण दिल्यामुळे हा परिणाम एकट्या अळिंबीचा मानता येत नाही.

धोके
अळिंबीतील बीटा-ग्लुकान हे घटक प्रतिकारशक्तीला चेतवतात. कर्करोगाच्या पूरक उपचारात हा गुण उपयुक्त मानला जात असला, तरी आमवातात प्रतिकारशक्ती आधीच अतिसक्रिय असते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी संशोधनात जनुकीय प्रवृत्ती असलेल्या उंदरांत बुरशीच्या बीटा-ग्लुकानमुळेच संधिवात उद्भवल्याचे आढळले. गॅनोडर्माच्या भुकटीमुळे यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. मेथोट्रेक्सेटचाही यकृतावर परिणाम होत असल्याने दोन्ही एकत्र घेताना विशेष सावधगिरी आवश्यक ठरते. जंगली अळिंबीत विषारी जाती असतात आणि शिजवल्याने त्यांतील सर्वच विषे नष्ट होत नाहीत.

कायदेशीर बाजू
औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत संधिवाताचा समावेश आहे. त्यामुळे तो बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर बंधने येतात. आमवाताची लक्षणे दिसल्यावर निदान व औषधोपचार लवकर सुरू होणे सांधे वाचवण्यासाठी महत्त्वाचे असते. अळिंबी त्यांची जागा घेऊ शकत नाही.