रुतलेला ट्रक ओढायला किती बल लागते?

धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. सुरत-नागपूर रस्ता पुढे पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा जातो. पूर्वी तो राष्ट्रीय महामार्ग ६ होता, आता त्याचा क्रमांक ५३ आहे. धुळ्याहून सोलापूरकडे जाणारा रस्ता चाळीसगाव सोडल्यावर औट्रम घाट चढून कन्नडला पोहोचतो. रावेर-यावलची केळी, कापसाच्या गाठी, सिमेंट, लोखंड असा माल घेऊन या रस्त्यांवरून ट्रक रात्रंदिवस धावत असतात.

पावसाळ्यात एखादा भरलेला ट्रक साईडपट्टीवरून घसरून काळ्या मातीत उतरला, की तिथे गर्दी जमते. कुणी ट्रॅक्टर आणतो, कुणी दुसऱ्या ट्रकला टोचन लावतो. गाडी हलत नाही, म्हणून साखळी सैल सोडून जोराचा झटका दिला जातो. नेमक्या अशा वेळी साखळी किंवा दोर तुटतो आणि पाहायला उभी असलेली माणसे जखमी होतात, प्रसंगी दगावतातही. हे टाळण्यासाठी लागणारे गणित अवघड नाही. घर्षण, उतार, कप्पी आणि बलांची बेरीज हे धडे शाळेतच शिकवले जातात. तेच इथे एका ट्रकला लावून पाहू.

वजन एक, ओढ वेगवेगळी

समजा, आपला ट्रक दहाचाकी आहे. २०१८ साली केंद्र सरकारने वाढवलेल्या मर्यादेनुसार पुढच्या दोन चाकी आसावर ७ टन आणि मागच्या जोडआसावर २१ टन भार चालतो. म्हणजे मालासह वजन २८ टन. (या लेखात 'एक टन बल' म्हणजे एक टन वस्तुमानावर पृथ्वी लावते तेवढे बल, सुमारे ९.८ किलोन्यूटन.)

हा ट्रक ओढायला २८ टन बल लागेल का? सपाट डांबरी रस्त्यावर तो न्यूट्रलमध्ये असेल आणि ब्रेक सुटलेले असतील, तर टायरचा लोळण-विरोध वजनाच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याएवढा असतो. म्हणजे २८० किलो. काही माणसे मिळून तो ढकलू शकतील.

आता रस्ता चढाचा घेऊ. दर २० मीटरला १ मीटर चढ असेल, तर वजनाचा विसावा हिस्सा, म्हणजे १.४ टन, उताराच्या दिशेने मागे खेचतो. त्यात लोळण-विरोध मिळवला की जवळजवळ १.७ टन होतात.

आणि चिखलात? खानदेशच्या काळ्या मातीतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात. माती टायरला घट्ट चिकटते, चाकापुढे तिचा बांध तयार होतो आणि चाकाखाली हवा शिरायला वाट उरत नाही. त्यामुळे गाडी जणू शोषून धरली जाते. या विरोधाचे अचूक सूत्र नाही, पण अमेरिकी सैन्याच्या वाहन-सोडवणुकीच्या पुस्तिकेत एक ढोबळ नियम दिलेला आहे. चाक मध्यापर्यंत रुतले असेल तर विरोध गाडीच्या मालासह वजनाएवढा धरावा, त्याहून वर मडगार्डपर्यंत रुतले असेल तर दुप्पट. आपल्या ट्रकसाठी हे आकडे २८ टन आणि ५६ टन होतात.

तोच ट्रक, तेच वजन; पण सपाट डांबरावर ०.२८ टन आणि चिखलात २८ टन. ओढ शंभरपट झाली! म्हणून जाणकार माणूस दोर बांधण्याआधी फावडे मागवतो. चाकापुढचा चिखल काढला आणि माल उतरवून वजन १० टनांवर आणले, तर विरोधही त्याच प्रमाणात कमी होतो. गाडी ज्या वाटेने आत गेली त्याच वाटेने मागे ओढणेही सोपे पडते, कारण तिथली माती आधीच दाबली गेलेली असते.

कप्पी काय देते, काय देत नाही

समजा, माल उतरवणे शक्य नाही आणि मदतीला आलेल्या गाडीची विंच १० टन ओढू शकते. २८ ला १० ने भागले की २.८ येतात, म्हणून दोराचे तीन पदर पुरतील असे वाटते. पण प्रत्येक कप्पीत घर्षण असते. दर कप्पीमागे भाराच्या दहा टक्के वाढ धरण्याची रीत आहे. तीन पदरांना दोन कप्प्या लागतात. २८ अधिक ५.६ म्हणजे ३३.६ टन, भागिले तीन, ११.२ टन. विंचला हे झेपणार नाही. चार पदर केले तर कप्प्या तीन होतात. २८ अधिक ८.४ म्हणजे ३६.४ टन; भागिले चार, ९.१ टन. हे जमेल. बदल्यात ट्रक एक मीटर सरकण्यासाठी चार मीटर दोर गुंडाळावा लागेल. बल वाचले, अंतर वाढले.

इथे एक गोष्ट नजरेतून सुटते. कप्प्यांमुळे विंचवरचा भार कमी झाला, पण रुतलेल्या ट्रकला जिथे दोर बांधला आहे त्या जागी पुरते २८ टन बल लागतेच. हुक, शॅकल किंवा बंपर तेवढे सोसणारे नसेल, तर पहिले तेच तुटेल.

आधाराचेही तसेच आहे. दोराची दिशा बदलण्यासाठी एक कप्पी रस्त्याकडेच्या निंबाला बांधली आणि दोर तिच्यावरून जवळजवळ उलट फिरवला, तर दोरातला ताण ९ टन असताना झाडावर १८ टन बल येते. दोर काटकोनात वळवला तर सुमारे १२.७ टन. पावसाने भिजलेल्या मातीतले झाड हे सोसेल का, हे आधी विचारायला हवे.

कोन वाढला की ताण वाढतो

ट्रकच्या चासीला डावीकडून आणि उजवीकडून दोन साखळ्या लावून त्या पुढे एका कडीत जोडतात. दोन साखळ्या, म्हणजे प्रत्येकीवर १४ टन, असा हिशेब लोक करतात. पण तो साखळ्या समांतर असतील तरच खरा. दोघींमधला कोन ६० अंश असेल तर प्रत्येकीवर १६.२ टन येतात, ९० अंशांना १९.८ टन आणि १२० अंशांना पूर्ण २८ टन. १५० अंशांना तर ५४ टन! कोन लहान ठेवायचा तर साखळ्या लांब हव्यात.

आता साखळीची ताकद पाहू. वजन उचलण्यासाठी बनवलेल्या ८० ग्रेडच्या १० मिलिमीटर साखळीची कामाची मर्यादा ३.१५ टन असते आणि १३ मिलिमीटरची ५.३ टन. साखळी तुटते ती याच्या सुमारे चौपट भाराला. तारेच्या दोराबाबत उचलण्याच्या कामात तुटण्याच्या भाराचा पाचवा हिस्सा हीच मर्यादा धरतात. हा फरक म्हणजे वाया गेलेली ताकद नव्हे. झीज, गंज, पीळ आणि झटका यांच्यासाठी तो राखून ठेवलेला असतो. झटक्यात तर क्षणभर ताण संथ ओढीच्या कितीतरी पट होतो.

ताणलेला दोर म्हणजे ताणलेले धनुष्य

समजा, ३० मीटर तारेचा दोर ९ टनांनी ताणला आणि तो १५ सेंटिमीटर लांबला. त्यात साठलेली ऊर्जा म्हणजे बल गुणिले लांबलेले अंतर, भागिले दोन: साधारण ६,६०० ज्यूल. ६७ किलोचा माणूस दहा मीटर उंचीवरून पडला तर जमिनीशी पोहोचताना त्याच्याजवळ जेवढी ऊर्जा असेल तेवढी ही आहे. दोर तुटताच ती तुटलेल्या टोकात उतरते. म्हणून दोर ताणलेला असताना निदान दोराच्या लांबीइतके दूर उभे राहावे, दोरावरून ओलांडू नये आणि कप्पीवरून वळलेल्या दोराच्या आतल्या कोनात थांबू नये.

घाटात ही काळजी आणखी महत्त्वाची ठरते. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी अतिवृष्टीने औट्रम घाटात दरडी कोसळल्या आणि वाहने अडकून पडली. अशा अरुंद जागी माणसांना मागे सरायलाही वाव नसतो. बंद पडलेल्या ट्रकचे पुढचे टोक उचलून त्याला ओढून नेतानाही तरफेचा हिशेब करावा लागतो. ओढणाऱ्या गाडीच्या दोन आसांतले अंतर ४.८ मीटर आहे आणि मागच्या आसापासून २.४ मीटर मागे ४ टन टांगले, तर तिच्या पुढच्या आसावरचा भार २ टनांनी कमी होतो. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग नीट लागत नाही.

वर्गात करून पाहा

एका विटेला सुतळी बांधून ती तानकाट्याने ओढा: आधी फरशीवर, मग खाली गोल पेन्सिली ठेवून, मग तिरक्या फळीवर आणि शेवटी ओल्या काळ्या मातीच्या परातीत अर्धी रुतवून. चारही आकडे फळ्यावर लिहा. विटेचे वजन बदलले का, ते विद्यार्थ्यांना विचारा.

नंतर दोन तानकाट्यांना दोऱ्या बांधून त्यांच्या जोडावर एक किलोचे वजन टांगा आणि काटे हळूहळू एकमेकांपासून दूर न्या. दोऱ्यांमधला कोन १२० अंश झाला की दोन्ही काटे एकेक किलो दाखवतील. मग मुलांना सांगा, की दोऱ्या पूर्ण आडव्या, एका रेषेत करून दाखवा. कितीही जोर लावला तरी ते का जमत नाही, याचे उत्तर त्यांना स्वतःच शोधू द्या.