मूल्यवर्धित कर : किमतीतील कराची गणना

प्रस्तावना :
महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून 'महाराष्ट्र मूल्यवर्धित कर अधिनियम, २००२' अंमलात आला व १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा मागे पडला. १ जुलै २०१७ पासून बहुतेक वस्तू वस्तू व सेवा कराच्या कक्षेत गेल्या. पेट्रोल, डिझेल व मद्य यांवर मात्र राज्याचा मूल्यवर्धित कर आजही आहे. दोन्ही करांच्या गणनेचे तत्त्व समान असल्याने ते नीट समजणे वाणिज्य शाखेबाहेरील अध्यापकांनाही उपयुक्त ठरते. प्रस्तुत लेखात त्याचे सोदाहरण विवेचन केले आहे.

संकल्पना :
१९५४ मध्ये फ्रान्सने प्रथम स्वीकारलेल्या या करात प्रत्येक विक्रेता संपूर्ण किमतीवर कर आकारतो. परंतु खरेदीच्या वेळी भरलेला कर वजा करून उरलेली रक्कमच शासनाकडे भरतो. या वजावटीलाच व्यापारी 'सेट-ऑफ' म्हणतात. त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर केवळ वाढलेल्या मूल्यावर कर पडतो.

उदाहरण :
कराचा दर १२.५ टक्के मानू. २००५ मध्ये अनेक वस्तूंना हाच दर लागू होता. उद्यमनगरातील उत्पादकाने लक्ष्मीपुरीतील घाऊक व्यापाऱ्यास १००० रुपयांची वस्तू विकली. त्यावरील कर १२५ रुपये झाला. (उत्पादकाची स्वतःची वजावट येथे शून्य मानली आहे.) घाऊक व्यापाऱ्याने ती महाद्वार रोडवरील दुकानदारास १२०० रुपयांस विकली, कर १५०, वजावट १२५, भरणा २५ रुपये. दुकानदाराने ती ग्राहकास १६०० रुपयांस विकली. कर २००, वजावट १५०, भरणा ५० रुपये. शासनास एकूण १२५ + २५ + ५० = २०० रुपये मिळाले आणि १६०० चे १२.५ टक्के तेवढेच होतात. ग्राहकाने १८०० रुपये दिले. व्यापाऱ्यांचा नफा रुपयांत तेवढाच ठेवून, वजावटीविना प्रत्येक टप्प्यावर कर लागला असता, तर हीच वस्तू सुमारे २१२७ रुपयांस पडली असती.

किमतीतून कर वेगळा काढणे :
विद्यार्थ्यांची नेहमीची चूक येथेच होते. १८०० रुपयांत कर समाविष्ट असेल, तर ते १८०० चे १२.५ टक्के, म्हणजे २२५ रुपये, असे उत्तर देतात. वस्तुतः १८०० ही रक्कम मूळ किमतीच्या ११२.५ टक्के आहे. म्हणून,
कर = एकूण किंमत × दर ÷ (१०० + दर)
१८०० × १२.५ ÷ ११२.५ = २०० रुपये.
म्हणजेच १२.५ टक्के दरास एकूण किमतीचा नववा भाग, तर ५ टक्के दरास एकविसावा भाग कराचा असतो.

हा प्रश्न केवळ परीक्षेचा नाही. आवेष्टित वस्तूवरील कमाल किरकोळ किमतीत सर्व कर समाविष्ट असतात. त्या किमतीवर पुन्हा कर लावून बिल देणारा दुकानदार ग्राहकाकडून अवाजवी रक्कम घेतो. सूत्र न जाणणारा ग्राहक ते निमूटपणे देतो.

मर्यादा :
कोल्हापूरच्या सीमेवर ही पद्धती अपुरी ठरली होती. कर्नाटकातील निपाणीहून माल आणणाऱ्या व्यापाऱ्यास केंद्रीय विक्रीकर भरावा लागे आणि त्याची वजावट मिळत नसे. त्यामुळे तो कर किमतीत मिसळून त्यावर पुन्हा मूल्यवर्धित कर बसे. राज्यांतर्गत साखळी सलग असली, तरी राज्याची सीमा ओलांडताच ती तुटत असे. वस्तू व सेवा करात आंतरराज्य व्यवहारांवरील कराचीही वजावट मिळू लागली. पेट्रोल व डिझेलच्या बाबतीत मात्र आजही केंद्रीय उत्पादन शुल्क मिळविलेल्या किमतीवर राज्याचा कर आकारला जातो. म्हणजे करावर कर राहतोच.

समारोप :
मूल्यवर्धित कराचे मर्म दरात नसून वजावटीत आहे. वजावटीची साखळी जेथे तुटते, तेथील भार अखेर ग्राहकावर पडतो. म्हणून अध्यापकांनी हे सूत्र शिकविताना विद्यार्थ्यांच्या घरातील प्रत्यक्ष बिले वर्गात मागवून तपासून घ्यावीत. त्यातून गणिताचा सराव होईल आणि जागरूक ग्राहकही घडेल.