चूक सांगणाऱ्याला धाक नको

सॉफ्टवेअर बनवणे हे एकट्यादुकट्याचे काम नाही. पाच-दहा जणांची तुकडी असते. एकाला जे कळले ते बाकीच्यांना कळले नाही, तर तीच चूक उद्या दुसऱ्याच्या हातून होते. म्हणून या धंद्यात एकमेकांचे काम तपासणे, दोघांनी शेजारी बसून एकच काम करणे अशा पद्धती रूढ आहेत. पण चूक कबूल केली तर नोकरी जाईल अशी धास्ती असेल, तर त्या नावापुरत्याच राहतात.

गिटलॅब या कंपनीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. जगभरचे प्रोग्रामर आपले काम तिच्याकडे साठवतात. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिचा एक कर्मचारी बिघडलेली दुय्यम प्रत पुसायला गेला आणि मूळ माहितीच पुसून बसला. एक-दोन सेकंदांत त्याने हात आवरला, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरले होते. राखीव प्रतीच्या पाच व्यवस्था होत्या. एकही धड चालत नव्हती. एक तर बंदच पडली होती आणि तसे कळवणारे ईमेल कुणाला पोचतच नव्हते! सहा तासांपूर्वी हाताने काढलेली एक प्रत नशिबाने सापडली. मधल्या सहा तासांची माहिती मात्र गेली ती गेलीच.

मालकांनी माणसाला काढले नाही. दुरुस्तीचे टिपण सर्वांना खुले ठेवले, काम यूट्यूबवर थेट दाखवले. नंतरच्या अहवालात कर्मचाऱ्याचे नाव नाही; 'असे का झाले?' हा प्रश्न मात्र पुन्हा पुन्हा विचारलेला आहे. राखीव प्रत कधी तपासली का नाही? कारण ती जबाबदारी कुणावरच सोपवलेली नव्हती. मूळ व दुय्यम संगणकात गफलत का झाली? पडद्यावर दोन्ही सारखेच दिसत. ते ठळकपणे वेगळे दिसावेत, असे मग ठरले.

आपल्या शिवणकामाच्या कारखान्यात कापड चुकीचे कापले गेले, की पोऱ्या ते गठ्ठ्याखाली दडवतो. उस्ताद ओरडतील ना! मग फर्म्यावरची खूण पुसट होती हे कुणालाच कळत नाही, आणि पुढच्या ऑर्डरीत पुन्हा कापड वाया जाते. जबाबदारी सोडावी असे आम्ही म्हणत नाही; हयगय करणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे. पण आठवड्यातून एकदा सर्वांना बसवून काय बिघडले ते वहीत लिहावे. नाव लिहू नये, आणि पहिली नोंद उस्तादांनी स्वतःच्या चुकीची करावी.