संसार दोघांचा, सातबारा कोणाचा?

सासर देवळाली प्रवराचं, फ्लॅट पुण्यात. सातबारा सासऱ्यांच्या नावावर, फ्लॅट नवऱ्याच्या आणि हप्ता मात्र दोघांच्या पगारातून! उद्या घटस्फोट झालाच तर निम्मं-निम्मं? छे! आपल्याकडे तसा नियमच नाही. हिंदू विवाह कायद्याचं (१९५५) कलम २७ फक्त लग्नाच्या सुमारास दोघांना मिळून आलेल्या चीजवस्तूंपुरतं. स्त्रीधन तिचं, पोटगीही मागता येते. पण फ्लॅटवर नाव नसेल तर बँकेची स्टेटमेंट्स घेऊन कोर्टात भांडत बसा. (म्हणून खरेदीखतावर नाव हवंच.) शेजारच्या गोव्यात मात्र १८६७च्या पोर्तुगीज संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर मालमत्ता अर्धी-अर्धी. बायकोला घरादारात वाटा देऊ पाहणारं विधेयक २०१३मध्ये राज्यसभेत मंजूर झालं खरं, त्याचा कायदा काही झाला नाही.